वाईट वर्षाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगराहून पूर्वेस निघालेला रस्ता चिकलठाण्याचे विमानतळ, शेंद्र्याची कारखानदारी आणि करमाडची बाजारपेठ मागे टाकून जालन्याच्या दिशेने सरकू लागला, की दोन्ही अंगांस काळ्या जमिनीचे सपाट पट्टे, मधूनच उघडी पडलेली मुरमाड टेकाडे आणि पावसाळा सरून दोन महिने होतात न होतात तोच कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांची पात्रे असा जो मुलूख लागतो, त्यात बदनापूर हा तालुक्याचा कसबा वसलेला आहे. उत्तरेस सोमठाण्याचा रेणुकादेवीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी ऊर्ध्व दुधना प्रकल्पाचा जलाशय, गावाजवळून वाहणारी दुधना नदी, आणि निजामाच्या अमदानीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत टाकलेल्या लोहमार्गावरचे एक स्टेशन, एवढ्यावर या गावाची कैक वर्षांची ओळख उरकत असे. सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने, आठवडी बाजार, तहसील कचेरी आणि कडधान्यांचे संशोधन करणारे एक सरकारी केंद्र यांपलीकडे प्रवाशाने थांबून पाहावे असे तेथे काही आहे, असा दावा बदनापूरकरही करीत नसत.

सांप्रत मात्र हा कसबा दोन वाढत्या शहरांच्या मधोमध सापडला आहे. पश्चिमेस दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील शेंद्रा-बिडकीन हे औद्योगिक नगर, पूर्वेस पोलादाच्या भट्ट्या आणि बियाण्यांचा व्यापार यांवर उभे असलेले व २०२३ साली महानगरपालिका झालेले जालना, तालुक्याच्या शिवारांतून गेलेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग, आणि दरेगाव-जवसगावच्या हद्दीत २५ डिसेंबर २०१५ रोजी ज्याची कोनशिला बसली तो ड्रायपोर्ट, अशी चारी बाजूंनी विकासाची नाकेबंदी झाल्यावर रस्त्यालगतच्या जमिनींचे भाव एकराऐवजी चौरस फुटांत बोलले जाऊ लागले. जेथे परवापर्यंत कपाशी उभी होती तेथे चुन्याच्या रेघा आखलेले प्लॉट, स्वागताची कमान आणि तिच्यावर एखाद्या देवाचे अगर फुलाचे नाव घेतलेली 'सिटी' उभी राहते. या कमानींवर बँकेचे कर्ज, स्टेशनपासूनचे अंतर, महामार्गापासूनची मिनिटे हे सर्व ठळक अक्षरांत लिहिलेले असते. पाणी कोठून येणार हे मात्र त्यांवर मला अद्याप वाचावयास मिळालेले नाही. सात-बाऱ्यावर विहिरींची नोंद असते, बोअरचीही असू शकते. परंतु त्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते किंवा नाही, याचा रकाना महसुली दप्तरात निजामाच्या काळी नव्हता आणि आजही नाही.

शहर किंवा प्रदेश किती माणसे, किती जनावरे, किती कारखाने आणि किती घाण आपल्या पोटात सामावून घेऊ शकतो, आणि ते सामावून घेताना स्वतःची झीज भरून काढू शकतो, या प्रश्नाला शास्त्रज्ञ पर्यावरणीय धारणक्षमतेचा प्रश्न म्हणतात. ही कल्पना प्रथम कुरणांच्या आणि वन्य पशूंच्या अभ्यासकांनी वापरली आणि पुढे नगररचनाकारांनी ती उचलली. 'वाढीच्या मर्यादा' या विषयावरचा क्लब ऑफ रोमचा गाजलेला ग्रंथ १९७२ च्या मार्चमध्ये निघाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्टॉकहोमला जागतिक पर्यावरण परिषद भरली आणि इंदिरा गांधींनी तेथे भाषण केले. आणि त्याच जूनमध्ये मराठवाड्याच्या आभाळाने पाठ फिरवून जो दुष्काळ पाडला, त्यात या भागातील लक्षावधी शेतकरी सडकेवर खडी फोडावयास बसले. त्या दुष्काळातून महाराष्ट्राला रोजगार हमी मिळाली, पाझर तलाव मिळाले, आणि विहिरी खणण्याचे वेडही मिळाले. पृथ्वीच्या मर्यादांविषयीची विद्वत्चर्चा आणि मराठवाड्यातील खडीचे ढीग यांची एकमेकांशी गाठ मात्र पडली नाही. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने शाश्वत विकासाची व्याख्या जगाला दिली, ती पुढे प्रत्येक शासकीय प्रस्तावनेत मानाने बसविण्यात आली, आणि प्रस्तावनेच्या खाली पूर्वीचेच अंदाजपत्रक चालू राहिले.

वस्तुतः आपल्याकडे जमिनीची पत जोखण्याची एक जुनी रीत होतीच. ती म्हणजे आणेवारी, आजच्या भाषेत पैसेवारी. गावच्या शिवारात पीककापणीचे प्रयोग करून, चांगल्या वर्षाच्या मानाने यंदा रुपयातले किती पैसे पीक आले हे ठरवावयाचे, आणि पन्नास पैशांच्या आत आकडा आला तर टंचाई मानून महसुलात सूट, वीजबिलात सवलत द्यावयाची, अशी ती वहिवाट. तीत लबाडीस वाव होता आणि राजकारणासही. तथापि तिच्या मुळाशी एक शहाणपण होते, ते असे की प्रत्येक गावाची मोजदाद दरवर्षी, आणि मुख्यतः वाईट वर्षाच्या दृष्टीने झाली पाहिजे. शहराची मोजदाद या रीतीने कोणी केली नाही. शहरांचे आराखडे सरासरीवर होतात: सरासरी पाऊस, सरासरी साठा, सरासरी वाढ. जालना जिल्ह्याचा सरासरी पाऊस सहाशे ते सातशे मिलिमीटरांच्या घरात आहे, हे वाक्य खरे आहे आणि निरुपयोगीही आहे. कारण सरासरीइतका पाऊस ज्या वर्षी पडतो त्या वर्षी कोणाची तक्रार नसते, आणि २०१२ सारखे दुष्काळी साल येते तेव्हा सरासरीची घागर कोणालाच भरून घेता येत नाही.

दुधनेच्या या खोऱ्याची खरी तिजोरी जमिनीखाली आहे, आणि ती फार लहान आहे. सोमठाण्याच्या बाजूस एका शेतात विहिरीचे काम चालू होते, तेव्हा काठावर उभे राहून तिची उघडी पडलेली कड निरखता आली. वर दोन-अडीच हात काळी माती. तिच्याखाली पिवळसर, हाताने चुरगळणारा मुरूम. त्याखाली पांढऱ्या-हिरव्या खड्यांनी भरलेला, ठिसूळ मांजऱ्या. आणि सर्वांच्या तळाशी सुरुंगावाचून न फुटणारा काळा फत्तर. पाझर दिसत होता तो मुरूम आणि मांजऱ्या यांच्या सांध्यात, तोही एकाच बाजूने, बोटाएवढ्या ओलसर रेघेतून. क्रेनची बकेट वर येई तेव्हा तिच्यातून चिखल निथळे. सात परस खोल गेलेल्या त्या विहिरीच्या तळाशी चारी दिशांना आडवे बोअर मारण्याचा बेत ठरला होता. 'वर्षाआड बोअर घेतो, साहेब. एक लागलं तं तीन कोरडे,' असे मालकाने सांगितले, आणि सांगताना त्याच्या स्वरात तक्रारीचा लवलेश नव्हता. घराला चुना लावावा लागतो तसा हा एक नित्याचा खर्च झाला होता.

हा खडक म्हणजे दख्खनच्या पठाराचा लाव्हारस होय. गंगेच्या मैदानातील वाळू ज्याप्रमाणे पाणी पोटात घेते त्याप्रमाणे तो घेत नाही. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मिळून आकारमानाच्या सुमारे दोन टक्केच पाणी मोकळेपणाने राहते, असे भूजलशास्त्रज्ञ गृहीत धरतात. एक हेक्टर जमिनीवर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी साडेसहा हजार घनमीटर होते. त्यातला ढोबळ मानाने दशांश भाग खडकात मुरतो, म्हणजे पासष्ट मिलिमीटर. दोन टक्क्यांच्या खडकात पासष्ट मिलिमीटर पाणी शिरले की विहिरीची पातळी तीन मीटरांहून थोडी अधिक चढते, आणि तेवढेच पाणी उपसले की ती तितकीच उतरते. ऑक्टोबरात काठोकाठ दिसणारी विहीर पाहून सुखावलेल्या माणसाला जानेवारीत जो धक्का बसतो त्याचे गणित एवढेच आहे. खाली दोनशे फुटांपर्यंत आणि त्याहीपलीकडे जाणारे बोअर पुष्कळदा पूर्वीच्या काळी साचलेल्या, फार मंदगतीने भरणाऱ्या पाण्याला हात घालतात. भूजलासंबंधीच्या २००९ च्या राज्य अधिनियमाने खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. परंतु रात्री दोन वाजता शिवारात शिरणाऱ्या बोअरच्या गाडीला कायद्याचे कलम वाचून दाखविणारा इसम अजून जन्मास यावयाचा आहे.

जालन्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मोती तलाव ही त्या शहराची मध्ययुगीन ठेव. निजामाच्या राजवटीत शहराच्या बाहेर, कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा जलाशय बांधण्यात आला, आणि तेथून केवळ उताराच्या बळावर, विजेचा एक युनिटही न जाळता, पाणी शहरात येई. त्या पाण्याची मर्यादा डोळ्यांना दिसत असे. तलाव उतरला की शहराला ते समजे. पुढे शहर वाढले, तलाव गाळाने भरला, आणि पाण्यासाठी दृष्टी गोदावरीकडे, प्रथम शहागडकडे आणि मग पैठणकडे वळली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याची जी दैना झाली ती अद्याप ताजी आहे: टँकरांच्या रांगा, चारा छावण्या, विकत घेतलेले पाणी, आणि पैठणच्या नाथसागराचा उपयुक्त साठा शून्यावर. त्याच सुमारास पैठणहून जालन्यास पाणी आणणारी योजना पुरी झाली. घाणेवाडीचा गाळ काढण्यासाठी शहरातील उद्योजक आणि नागरिक यांनी वर्गणी काढून जो उद्योग आरंभिला तो मला पैठणच्या जलवाहिनीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. तथापि हे मत लोकप्रिय होण्याजोगे नाही, कारण जलवाहिनीचे उद्घाटन होते आणि गाळाचे होत नाही.

नाथसागर म्हणजे तरी काय? लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी ज्याचा पाया घातला आणि इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ रोजी ज्याचे लोकार्पण केले, ते जायकवाडीचे धरण सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांवर पसरलेले, विस्ताराच्या मानाने उथळ असे पाणी आहे; त्याचा उपयुक्त साठा ७६.६५ अब्ज घनफूट, आणि उन्हाळ्यात त्यातून वाफ होऊन उडून जाणारे पाणी हा त्याच्या हिशेबातील एक बडा खातेदार. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि तो जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. बदनापूर त्याच्या वरच्या अंगास, उंचवट्यावर आहे, म्हणून कालव्याचे पाणी या तालुक्याच्या नशिबी नाही. जे येईल ते उचलून आणावे लागेल. आणि ज्या धरणातून ते उचलावयाचे ते धरणही स्वतःच्या पावसावर भरत नाही. ते भरते त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, भंडारदरा येथील डोंगरांवर कोसळणाऱ्या सरींनी, आणि त्या सरी गंगापूर, दारणा, मुकणे, भंडारदरा, मुळा या धरणांनी आधी आपापल्या झोळीत घेतलेल्या असतात.

यातून उभी राहिली ती खोऱ्यातल्या खोऱ्यातली भाऊबंदकी. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात टंचाईचा भार सर्व खोऱ्याने समन्यायाने वाटून घ्यावा असे कलम घालण्यात आले. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे सूत्र मांडले. आणि १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने असे ठरले, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे तत्त्व उचलून धरले. परंतु प्रत्यक्षात पाणी सुटते तेव्हा नदीकाठची वीज तोडावी लागते, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो, मोर्चे निघतात, आणि तहानलेले नदीपात्र आपला वाटा कापून घेऊन मगच पाणी पैठणास पोहोचविते. बदनापूरच्या रस्त्यावरील एखाद्या नव्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचा नळ सुरू राहावा यासाठी नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराची संमती लागते, ही गोष्ट त्या इमारतीतील सदनिका विकत घेणाऱ्यास ठाऊक असती तर त्याने बयाणा देण्यापूर्वी थोडा विचार केला असता.

आता आकड्यांची रुजवात घालून पाहू. शहरी माणसास दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण. वर्षाचे झाले सुमारे ४९ घनमीटर. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७. तिला वर्षास लागणारे पाणी सुमारे १.४ कोटी घनमीटर, म्हणजे अर्धा अब्ज घनफूट. त्याच गणतीत ११,७५,११६ माणसे असलेल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सुमारे दोन अब्ज घनफूट. दोन्ही शहरे मिळून अडीच, आणि धरणाचा उपयुक्त साठा ७६ हून अधिक. मग या शहरांच्या नळाला रोज पाणी का येत नाही? नळ आणि जलवाहिन्या जुन्या आहेत, गळती आहे, वीजबिल आहे, हे सर्व खरे. परंतु याहून मोठे कारण असे, की खोऱ्यात पाण्याच्या रांगेतील पहिला क्रमांक माणसाचा आहे हे शासनाच्या धोरणात लिहिलेले असले तरी शिवारात तो क्रमांक उसाने केव्हाच पटकावलेला आहे. एक हेक्टर उसास वर्षास वीस हजार घनमीटर पाणी धरले, तर चारशे माणसांचे वर्षाचे पाणी एका हेक्टरात जिरते. आणि सारे जालना शहर सातशे हेक्टर उसाच्या बरोबरीचे ठरते. एखाद्या मध्यम साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात यापेक्षा कितीतरी जास्त ऊस उभा असतो.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये दिलेला अहवाल या संदर्भात पुनःपुन्हा वाचावा असा आहे. आयोगाने राज्याची उपखोरी दर हेक्टरी मिळणाऱ्या पाण्याच्या मानाने वर्गांत विभागली: दीड हजार घनमीटरांखाली अतितुटीची, तीन हजारांपर्यंत तुटीची, आठ हजारांपर्यंत सर्वसाधारण, आणि त्यावर विपुल. गोदावरीची मराठवाड्यातील बहुतेक उपखोरी यांत तुटीच्या बाजूस पडली, आणि तुटीच्या खोऱ्यांत ऊस असू नये अशी शिफारस आयोगाने स्वच्छ शब्दांत केली. त्यानंतर मराठवाड्यात साखर कारखाने वाढले. धारणक्षमता या संकल्पनेची महाराष्ट्रातील इतकी स्पष्ट, आकडेवार, खोरेनिहाय मांडणी दुसरी नाही, आणि इतक्या आदराने बासनात बांधून ठेवलेलीही दुसरी नाही.

बदनापूर तालुक्यात ऊस फारसा नाही; येथील बागायतीचा मान मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि बदनापुरात तिचे संशोधन केंद्रही आहे. सहा मीटरांवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात. भर उन्हाळ्यात प्रौढ झाडास रोज शंभर लिटर धरले तरी एका हेक्टरास दोनशे शहरी माणसांचे पाणी लागले. कपाशी वाळली तर एक हंगाम जातो. मोसंबी वाळली तर दहा-पंधरा वर्षे जातात. २०१२-१३ मध्ये या जिल्ह्यात शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी घालून बागा जगविण्याची शिकस्त केली, आणि पुष्कळांनी अखेर कुऱ्हाड घेतली. वाळलेल्या मोसंबीच्या सरपणाचे ढीग त्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला दिसत. त्यानंतर शेततळ्यांचे युग आले. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले, भोवती जाळीचे कुंपण असलेले, निळेशार दिसणारे हे चौकोनी तळे आज या रस्त्याने जाताना सर्वत्र नजरेस पडते. त्यात पावसाचे पाणी साठवावे हा मूळ हेतू. परंतु तळ्याच्या कडेला वाकून पाहिले तर पुष्कळ ठिकाणी काळा पाइप पाण्यात सोडलेला आढळतो, आणि त्या पाइपाचा माग काढीत गेले की तो विहिरीवर किंवा बोअरवर पोहोचतो. म्हणजे खडकाच्या सावलीत सर्वांच्या मालकीचे म्हणून जे पाणी होते ते उपसून एकाच्या मालकीच्या उघड्या तळ्यात उन्हाला ठेवावयाचे. व्यक्तीच्या दृष्टीने ही दूरदृष्टी आहे, गावाच्या दृष्टीने उधळपट्टी आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्याने या विषयावर गावच्या पारावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

याच शेततळ्याचा दुसरा प्रकार पाहावयाचा तर कडवंचीस जावे लागते. जालना तालुक्यातील या गावी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम केले: आधी माथ्यावर समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग ओघळींना नाले बांध, आणि सर्वांत शेवटी विहीर व शेततळे. क्रमाला येथे महत्त्व आहे. पाणी मुरविण्याचे काम आधी आणि उपसण्याचे मागून, या साध्या शिस्तीवर त्या गावाने द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या आणि दुष्काळांतही त्या टिकविल्या. कडवंचीची द्राक्षे पाहावयास येणारे पुष्कळ. माथ्यावरचे चर पाहण्यास जाणारे थोडे. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानाने चर-बांधांपेक्षा ओढे खोल-रुंद करणाऱ्या यंत्रांवर अधिक भर दिला, आणि भूजलाची पातळी उंचावण्याचा हेतू साधला नसल्याचा ठपका २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी ठेवला, तो अगदीच अनपेक्षित नव्हता.

आणि तरीही या खोऱ्याला झेपेल असे काय, याचे उत्तर शोधणारी एक संस्था खुद्द बदनापुरात, हमरस्त्याजवळ, कैक वर्षे काम करीत आलेली आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने तुरीचे जे वाण दिले त्यांच्या नावात गावाचे नाव गुंफलेले आहे: बीडीएन-२, बीडीएन-७०८, बीडीएन-७११, बीडीएन-७१६, आणि वांझ रोगास दाद न देणारे बीएसएमआर-७३६ व बीएसएमआर-८५३. तुरीचे मूळ मुरमापर्यंत उतरते. हवेतला नत्र ती जमिनीत बसविते. पाऊस आटोपल्यावर खालच्या ओलीवर ती उभी राहते. जुन्या वाणांना पक्व होण्यास फार दिवस लागत आणि नेमक्या शेंगा भरण्याच्या वेळी ओल संपे; बीडीएन-७११ हा पांढऱ्या दाण्याचा वाण सुमारे पाच महिन्यांत निघतो आणि ओल संपण्याच्या आत आपले काम उरकतो. विहिरीचे पाणी वाढविण्याऐवजी पिकाचे दिवस कमी करण्याची ही युक्ती मला अत्यंत सुसंस्कृत वाटते. धारणक्षमता वाढविण्याचा हा मार्ग कोणत्याही जलवाहिनीहून स्वस्त आहे. अडचण एवढीच, की तूर बाजारात आली की भाव उतरतो, बाहेरून डाळ आयात होते, आणि मोसंबीच्या व्यापाऱ्याप्रमाणे तुरीचा व्यापारी बांधावर गाडी घेऊन येत नाही.

धारणक्षमतेची दुसरी बाजू म्हणजे घाण पचविण्याची ताकद, आणि तिचा हिशेब तर कोणीच मांडीत नाही. वाहत्या नदीला काही प्रमाणात सांडपाणी पचविता येते. दुधना, कुंडलिका, सीना या नद्या आठ महिने वाहतच नाहीत, तेव्हा त्यांची ताकद उन्हाळ्यात शून्य धरली पाहिजे. शहराच्या मधून जाणाऱ्या कुंडलिकेत फेब्रुवारीत जे वाहताना दिसते ते नदीचे पाणी नव्हे. पावसाळ्यात याच पात्रांकडून उलट अपेक्षा असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्याने उभी पिके, खरवडलेली माती आणि नाल्याकाठची घरे यांचा जो फडशा पाडला, तो पाहिल्यावर प्लॉट पाडताना बुजविलेल्या ओढ्यांची आठवण पुष्कळांना झाली. मोजणीच्या जुन्या नकाशात ते ओढे निळ्या रेघेने स्पष्ट दाखविलेले आहेत.

या मुलुखाने आणखी एक गोष्ट पाहिली आहे, आणि शहरांच्या पेलण्या-न पेलण्याविषयी लिहिताना ती वगळणे मला प्रशस्त वाटत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीच्या दिवसांत, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर लोहमार्गाच्या कडेने रात्रभर चालत, बदनापूर ओलांडून करमाडच्या अलीकडे थकून रुळांवर विसावले असता मालगाडीखाली सापडले. त्यांतील १६ जण मृत्यू पावले. भट्ट्या चालू होत्या तोवर त्यांच्या श्रमाला त्या शहरात जागा होती. भट्ट्या थांबताच महिनाभर त्यांना पोसण्याची तरतूद त्या शहरापाशी नव्हती. पाण्याच्या हिशेबात जे वाईट वर्ष, ते माणसांच्या हिशेबात असे येते.

बदनापूर आता नगरपंचायत आहे, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगराचा विकास आराखडा करावा लागतो. त्यात रस्त्यांची रुंदी, शाळा, दवाखाना, बाग, दफनभूमी, स्मशान यांचे आरक्षण असते. नकाशावर रंग भरलेले असतात. त्या नकाशाखाली २०१२ साल गृहीत धरून एक तक्ता मांडावा, एवढीच माझी मागणी आहे: सोमठाण्याच्या जलाशयात त्यापुढच्या मे महिन्यात किती पाणी होते, गावच्या विहिरींची पातळी किती उतरली होती, टँकर किती लागले, आणि आजच्या वस्तीला व मंजूर झालेल्या प्लॉटांवरील उद्याच्या वस्तीला तेवढ्यात कितीजणांचे भागेल. हे आकडे तहसील, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि पाटबंधारे खाते यांच्या निरनिराळ्या कपाटांत आहेत. तक्त्यातून येणारे उत्तर कदाचित असे असेल, की वस्ती वाढण्यास हरकत नाही, परंतु प्रत्येक नव्या हजार माणसांमागे पाचेक हेक्टरांची उन्हाळी बागायत कमी करावी लागेल आणि तिच्या मालकास भरपाई द्यावी लागेल. किंवा असेही असेल, की कारखान्यांना धरणाचे पाणी देण्यापूर्वी शहराचे सांडपाणी शुद्ध करून द्यावे लागेल. जालन्यास पुरेसे पाणी दिले तर त्यातून रोज सुमारे तीन कोटी लिटर सांडपाणी निघेल. भट्ट्यांच्या थंडाव्यास ते शुद्ध करून चालेल, आणि पोलाद कारखानदारांना हा हिशेब समजत नाही असे मुळीच नाही. त्यांना नाथसागराचे पाणी ज्या दराने मिळते तो दर शुद्ध केलेल्या सांडपाण्यापेक्षा कमी आहे तोवर ते आपणहून हात पुढे करणार नाहीत, आणि हा दर ठरविण्याचा अधिकार बदनापूरच्या नगरपंचायतीस नाही, जालन्याच्या महानगरपालिकेस नाही; तो मुंबईत, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापाशी आहे, आणि दर ठरविण्यापूर्वी जनतेच्या हरकती व सूचना मागविण्याचे बंधन त्या प्राधिकरणावर आहे. दुधनाकाठच्या ग्रामसभांनी आणि नगरपंचायतीने पुढील खेपेस आपली लेखी हरकत वर सांगितलेल्या तक्त्यासह नोंदवावी.